एका ‘एस’चा जाच

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका आणि निबंध तपासणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंपाशी एक निदान कायम तयार असते. विद्यार्थ्याने ‘शी गो टू कॉलेज’ असे लिहिले, किंवा ‘द प्राइस ऑफ व्हेजिटेबल्स हॅव इन्क्रीझ्ड’ असे लिहिले, की क्रियापदाभोवती लाल वर्तुळ पडते आणि समासात ‘मातृभाषेचा परिणाम’ असा शेरा येतो. शिक्षकांच्या खोलीत याच शेऱ्याचे अधिक मोकळे रूप ऐकू येते: ‘मराठी माध्यमातला दिसतोय.’ वर्तुळाबद्दल आमची तक्रार नाही. चूक ही चूक आहे आणि ती दाखवण्याचाच शिक्षकाला पगार मिळतो. तक्रार आहे ती निदानाबद्दल. कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळातील चुका मराठीच्या माथी मारणाऱ्यांनी मराठीचे व्याकरण पाहिलेले नसते आणि पुष्कळदा समोरचे इंग्रजी वाक्यही पुरते वाचलेले नसते, असा आमचा आरोप आहे. तो करावासा वाटला, कारण या एका शेऱ्याच्या जोरावर कितीतरी मुलामुलींना त्यांची भाषाच त्यांच्या आड येते आहे असे पटवून दिले जाते, आणि तीही ते निमूटपणे मान्य करतात.

आधी मराठीकडे पाहू. इंग्रजीत ‘बी’ हे एक क्रियापद बाजूला ठेवले, तर कर्त्यानुसार बदलण्याची जागा एकच उरली आहे: वर्तमानकाळातला तृतीयपुरुषी एकवचनी ‘एस’. आय गो, यू गो, वी गो, दे गो. फक्त ही गोज. भूतकाळात तेवढेही नाही. मराठीत साध्या वर्तमानकाळाचीच जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात अशी सहा रूपे होतात. भूतकाळात लिंगभेदाचा पसारा आणखी वाढतो, आणि क्रियापद सकर्मक असले की सगळा डावच पालटतो. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’, ‘रामाने पेरू खाल्ले’: क्रियापद रामाकडे ढुंकूनही पाहत नाही, ते फळामागे जाते. कर्माला ‘ला’ लागला की तेही नाते तुटते. ‘रामाने रावणाला मारले’ यात क्रियापद कोणाचेच न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते. आणि ‘तू चिंच खाल्लीस’ यात तर एकाच क्रियापदाने दोन धनी सांभाळले आहेत. ‘ली’ चिंचेसाठी, शेवटचा ‘स’ तुझ्यासाठी. आपल्या शालेय व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर असे भारदस्त नाव आहे. ते नाव आयुष्यात कधी न ऐकलेले चार वर्षांचे पोरही हा प्रयोग बिनचूक करते.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. या दोन ग्रंथांच्या दरम्यान आणि नंतरही मराठी वैयाकरणांची बरीच शाई क्रियापद कोणाच्या अनुरोधाने चालते याच प्रश्नावर खर्ची पडली आहे. बोलींची गोष्ट आणखी रंजक. मराठवाड्याच्या सीमेकडे ‘मी काम केलो’ असे म्हणतात आणि पुण्या-मुंबईचे लोक त्याला हसतात. पण त्या वाक्यातही मेळ आहेच. तो कामाशी नसून ‘मी’शी आहे, एवढेच. मेळाविना मराठी वाक्य उभेच राहत नाही. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला मेळ ही कल्पनाच परकी आहे असे म्हणणे म्हणजे कोकणातल्या माणसाला पाऊस ठाऊक नाही असे म्हणण्यासारखे आहे.

मग ‘शी गो’ येते कोठून?

पहिली गोष्ट, ते केवळ मराठी माणसाकडून येत नाही. रॉजर ब्राउन यांनी ‘अ फर्स्ट लँग्वेज’ या १९७३ च्या ग्रंथात इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या तीन मुलांच्या बोलण्याचा तपशीलवार अभ्यास मांडला. चालू क्रियेचे ‘आयएनजी’ आणि नामाचा अनेकवचनी ‘एस’ या मुलांच्या बोलण्यात लवकर रुळले. क्रियापदाचा ‘एस’ मात्र बराच रेंगाळला. पुढच्याच वर्षी हायडी ड्यूले आणि मरीना बर्ट यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिशभाषक आणि चिनीभाषक मुलांची तुलना केली. चिनी क्रियापद कर्त्यानुसार बदलत नाही, स्पॅनिश क्रियापद भरपूर बदलते. तरी रूपे हस्तगत होण्याचा क्रम दोन्ही गटांत बराचसा सारखा निघाला आणि क्रियापदाचा ‘एस’ दोन्हीकडे मागेच राहिला. या क्रमाच्या काटेकोरपणाला नंतरच्या संशोधकांनी हरकती घेतल्या आहेत आणि काही रूपांच्या बाबतीत पहिल्या भाषेचा प्रभाव दाखवूनही दिला आहे. पण हा ‘एस’ जगभर सगळ्यांनाच छळतो, याला त्या हरकतींनी धक्का लागत नाही.

याचे कारण समजणे अवघड नाही. मराठीत ‘जाते’ म्हटले की ‘ती’ म्हणायची गरज उरत नाही. शेवटच्या स्वरातून पुरुष, वचन आणि लिंग यांचा बराचसा उलगडा होतो. रूप चुकले तर माणूसच बदलतो. इंग्रजीत ‘शी’ उच्चारल्याशिवाय सुटका नाही, आणि ते उच्चारल्यावर ‘एस’ला सांगण्यासारखे काही उरत नाही. इंग्लंडातल्या ईस्ट अँग्लियाच्या पारंपरिक बोलीत आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत हा ‘एस’ सर्रास गाळला जातो, आणि त्यामुळे तेथे कोणाचा कोणाविषयी गैरसमज झाल्याचे ऐकिवात नाही. शिवाय हाच ‘एस’ नामाला लागला तर अनेकवचन आणि क्रियापदाला लागला तर एकवचन! ‘बॉइज प्ले’ आणि ‘बॉय प्लेज’. ज्याची भाषा नामाचे आणि क्रियापदाचे वचन एका सुरात चालवते त्या विद्यार्थ्याला हा प्रकार उफराटा वाटला तर त्याच्या बुद्धीवर नव्हे, तर्कावर शिक्कामोर्तब करावे लागेल.

ही झाली एक जात. ‘द प्राइस ऑफ व्हेजिटेबल्स हॅव’ ही चूक वेगळ्याच जातीची आहे, आणि दोन्हींभोवती एकच वर्तुळ काढणे हे आमच्या मते तपासनिसाच्या आळसाचे लक्षण आहे. येथे विद्यार्थी मेळ विसरलेला नाही. त्याने तो इमानेइतबारे पाळला आहे, फक्त चुकीच्या नामाशी. आणि येथे मात्र मराठीचा संबंध पोहोचतो, पण रूढ निदान सांगते तसा नव्हे. मराठीत ‘भाज्यांची किंमत वाढली’. मुख्य नाम ‘किंमत’ हे क्रियापदाला खेटून बसलेले आहे आणि ते येणार असल्याची वर्दी ‘ची’ या प्रत्ययाने आधीच दिलेली आहे. वाक्य कितीही फुगवा, ‘गेल्या आठवड्यात बाजारांत आलेल्या भाज्यांची किंमत वाढली’, तरी विशेषणांची सगळी वरात पुढे आणि नवरदेव शेवटी, क्रियापदाच्या शेजारी. इंग्रजीत नवरदेव पुढे आणि वरात मागे. मुख्य नाम आधी येऊन जाते, मग ‘ऑफ’, ‘इन’, ‘दॅट’ यांची रांग लागते आणि क्रियापदाशेजारी भलतेच नाम उभे राहते. शेजारच्या नामाकडे पाहण्याची मराठी सवय इंग्रजीच्या या रचनेत फसते. ही दरिद्री व्याकरणाची खूण नाही. दोन भाषांच्या बांधणीतला फरक आहे.

त्यातही गंमत अशी की याच खड्ड्यात इंग्रजच नित्य पडतात. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजीभाषकांना ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशा धर्तीचे तुकडे देऊन वाक्ये पुरी करायला सांगितले होते. मुख्य नाम एकवचनी आणि मधले नाम अनेकवचनी असले की क्रियापद मधल्या नामाकडे ओढले जाते असे त्यांना आढळले. उलट बाजूने, म्हणजे मधले नाम एकवचनी असताना, ही ओढ फारशी दिसली नाही. वर्तमानपत्रांत, संशोधनपत्रिकांत, थोरामोठ्यांच्या भाषणांत हा प्रकार हवा तितका सापडेल. तेथे आपण त्याला हस्तदोष म्हणतो. तोच प्रकार लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याच्या वहीत सापडला की तो मातृभाषेचा परिणाम होतो.

आता एका पारिभाषिक गोंधळाबद्दल, कारण याला विद्यार्थी नव्हे, आपण शिक्षकच जबाबदार आहोत. मराठीतून इंग्रजी व्याकरण शिकवताना ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता’ असे सांगून आपण पुढे जातो. पण मराठीच्या तासाला त्याच विद्यार्थ्याने शिकलेले असते की कर्ता म्हणजे क्रिया करणारा, आणि क्रियापद त्याचे ऐकेलच असे नाही. ‘सीतेने पत्रे लिहिली’ यात कर्ता सीता आहे, क्रियापद मात्र पत्रांबरोबर गेले आहे. मग ‘द लेटर्स वेअर रिटन बाय सीता’ यात सब्जेक्ट कोण? ‘कर्ता’ म्हणावे तर सीता. आणि सीता एकवचनी म्हणून ‘वॉज’. विद्यार्थ्याने शिकवले तसेच केले. इंग्रजीतला सब्जेक्ट हा कर्ताच असेल असे नाही. क्रियापद ज्याच्या वचनाने चालते ते नाम म्हणजे सब्जेक्ट. मराठी वाक्यपृथक्करणात ‘उद्देश्य’ हा शब्द आहे, तो पूर्णपणे चपखल नसला तरी कमी घातक आहे. पण त्याहून सोपा मार्ग असा की विद्यार्थ्याला त्याच्याच मराठी वाक्यात क्रियापद कोणाच्या मागे गेले आहे ते शोधायला लावावे. त्याला ते क्षणात सापडते, आणि एकदा सापडले की तोच प्रश्न तो इंग्रजी वाक्यालाही विचारू शकतो. लांबलचक इंग्रजी कर्तृपदाच्या बाबतीत तर मराठी हीच उत्तम कसोटी आहे. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन दीज मार्केट्स’ याचे मराठी करा: ‘या बाजारांत विकल्या जाणाऱ्या आंब्यांचा दर्जा’. शेवटी जे नाम उरले तेच मुख्य. दर्जा एकवचनी, ‘हॅज’. ज्या भाषेला रोगाचे मूळ म्हटले जाते तीच येथे औषध म्हणून चालते. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारू नये असा नियम करणाऱ्या संस्थांना हे कसे सांगावे हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप नियमांच्या याद्यांवर. रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड पुस्तकावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. (पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ ही साहसी कादंबरी लिहून गाजले, हे व्याकरणाच्या तासाला कोणी सांगत नाही. सांगितले तर मुले जरा जागी राहतील.) त्या पुस्तकाबद्दल बरेवाईट पुष्कळ बोलता येईल, पण त्याच्या नंतर आलेल्या स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांनी त्यातले नियम उकळून उकळून त्यांचा काढा केला आहे. ‘नन’नंतर एकवचनच. ‘कमिटी’नंतर एकवचनच. चूक ओळखा, अ, ब, क, ड. वास्तविक ‘नन’ शतकानुशतके दोन्ही वचनांत वापरले जात आले आहे, आणि ‘द कमिटी आर डिव्हायडेड’ हे ब्रिटिश लेखनात शुद्ध मानले जाते. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात या विषयाची चर्चा तीन तत्त्वांनी केली आहे: रूपाने मेळ, अर्थाने मेळ, आणि सान्निध्याने मेळ. म्हणजे इंग्रजी मेळ हा तिघांच्या ओढाताणीतून ठरणारा व्यवहार आहे. एका सूत्रात तो मावत नाही.

ही तिन्ही तत्त्वे मराठी माणसाच्या घरचीच आहेत. ‘आजोबा आले’: आजोबा एकच, क्रियापद अनेकवचनी, कारण मेळ आदराशी. ‘पिठले आणि भाकरी केली’, पण ‘भाकरी आणि पिठले केले’: क्रियापदाने शेजारी पाहिला. ‘मंडळी निघाली’ म्हटल्यावर निघालेली माणसे पाच असतात, व्याकरणाने ती एक स्त्री असते, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. ‘देअर इज अ टेबल अँड टू चेअर्स’ हे वाक्य शुद्ध की अशुद्ध यावर इंग्रजी वैयाकरण वाद घालतात. तो वाद समजून घ्यायला लागणारी सगळी सामग्री स्वयंपाकघरातल्या मराठीत पडून आहे. तिचा उपयोग करणारा एखादा तरी मार्गदर्शक बाजारात असावा, ही आमची अपेक्षा अवाजवी नाही.

नियम सनातन असल्याचा जो आव आणला जातो त्याबद्दल थोडेच. शेक्सपिअरच्या नाटकांच्या मूळ छापील प्रतींत अनेकवचनी कर्त्याबरोबर ‘एस’ लागलेले क्रियापद वारंवार येते. एडविन अ‍ॅबट यांनी १८६९ साली शेक्सपिअरच्या व्याकरणावर जे पुस्तक लिहिले त्यात याची उदाहरणे नोंदवली आहेत, आणि नंतरच्या संपादकांनी ती पुष्कळदा ‘दुरुस्त’ केली हेही. आपण वर्गात वाचतो तो शेक्सपिअर काही ठिकाणी लाल शाईतून गेलेला आहे. एका व्यक्तीला उद्देशून ‘यू वॉज’ म्हणणे अठराव्या शतकात चांगल्या इंग्रजीत रूढ होते. रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या व्याकरणात त्यावर आसूड ओढला आणि हळूहळू ते अडाण्यांच्या गोटात ढकलले गेले. अमेरिकेच्या संविधानाने तर ‘युनायटेड स्टेट्स’साठी अनेकवचनी सर्वनाम वापरले आहे, अगदी १८६५ च्या गुलामगिरीबंदीच्या दुरुस्तीतसुद्धा. आज तेच नाव एकवचनी चालते. देश एक झाला तसे क्रियापद एक झाले, असे मानायचा मोह होतो. भाषेचा बदल इतका आज्ञाधारक नसतो, पण बदल झाला हे खरे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला चुका सोडून द्यायच्या आहेत. मुळीच नाही. उलट आम्हाला मेळ हा प्रकार फार महत्त्वाचा वाटतो, लाल शाईवाल्यांना वाटतो त्याहून अधिक. साहित्याच्या निबंधात शोभेल असे एक वाक्य घ्या: ‘अ रीडिंग ऑफ द पोएम्स दॅट अनसेटल द रीडर’. आणि आता त्यात एक ‘एस’ घाला: ‘अनसेटल्स’. पहिल्या वाक्यात अस्वस्थ करतात त्या कविता. दुसऱ्यात अस्वस्थ करते ते वाचन. हे दोन निरनिराळे समीक्षाविचार आहेत. एकात अस्वस्थतेचे मूळ संहितेत आहे, दुसऱ्यात समीक्षकाच्या कृतीत. मराठीत हाच भेद ‘वाचकाला अस्वस्थ करणाऱ्या कवितांचे वाचन’ आणि ‘वाचकाला अस्वस्थ करणारे कवितांचे वाचन’ असा येतो, आणि तेथेही तो मेळावरच तोललेला आहे. विद्यार्थ्याने ‘अनसेटल्स’ लिहिले आणि तपासनिसाने ‘पोएम्स’ अनेकवचनी म्हणून ‘एस’ खोडला, तर त्याने चूक सुधारली की विद्यार्थ्याचा विचार बदलला? निबंधाचा उरलेला भाग वाचल्याशिवाय हे सांगता येत नाही. आणि बहुतेक वर्तुळे उरलेला भाग वाचण्याआधीच पडलेली असतात.

जोसेफ विल्यम्स यांनी १९८१ साली ‘द फेनॉमेनॉलॉजी ऑफ एरर’ नावाचा एक लेख लिहिला. चुका आपल्याला दिसतात त्या आपण जेथे शोधतो तेथे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वहीत शोधतो म्हणून वहीत दिसतात. छापील ग्रंथात शोधत नाही म्हणून दिसत नाहीत. लेखाच्या शेवटी त्यांनी खुलासा केला की या लेखातच आपण शंभराच्या आसपास चुका मुद्दाम पेरल्या आहेत. लेख लेखनाच्या शिक्षकांसाठीच असलेल्या नियतकालिकात आला होता, आणि बहुतेक वाचक खुलाशापर्यंत निर्धास्त वाचत गेले असणार. आमच्या इंग्रजी विभागांत हा लेख नेमून द्यावा, विद्यार्थ्यांना नव्हे, अध्यापकांना. त्याबरोबर मीना शॉनसी यांचे ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे १९७७ चे पुस्तकही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७० मध्ये प्रवेशाची दारे उघडली तेव्हा गरीब वस्त्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे प्रवेशनिबंध त्यांनी वाचले, सुमारे चार हजार. वाचले, हे महत्त्वाचे. या मुलांच्या चुकांना एक रीत आहे, त्यांच्यामागे चुकीचा का होईना पण विचार आहे, हे त्यांनी ओळीओळीने दाखवले. आपल्याकडे महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत भेटत असे. बदललेल्या व्यवस्थेतून आलेले विद्यार्थी एव्हाना एम. ए. होऊन स्वतः शिकवू लागले आहेत. त्यांच्या वह्यांचा शॉनसींनी केला तसा अभ्यास कोणी हाती घेतला, तर ‘मातृभाषेचा परिणाम’ या दोन शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक हाती लागेल.

दुरुस्तीचा उपयोग होतो का, यावरही पंडितांत एकमत नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली लेखनाच्या वर्गातली व्याकरणदुरुस्ती निरुपयोगी आणि हानिकारक असल्याने ती सोडून द्यावी असे म्हटले; डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिले, आणि तो वाद पुढे बराच काळ चालला. आम्ही ट्रस्कॉट यांच्या टोकाला जाणार नाही. परंतु त्यांनी दाखवलेला एक धोका आम्हाला ओळखीचा वाटतो: वर्तुळांना भ्यालेला विद्यार्थी वाक्ये आखूड करतो. ‘ऑफ’ टाळतो, ‘विच’ टाळतो, गुंतागुंतीचा कर्ता टाळतो. ‘द पोएट इज ग्रेट. द पोएम हॅज इमेजेस.’ एकही चूक नाही. वर्तुळही नाही. ज्या विद्यार्थ्याने मोठे वाक्य उचलायला घेतले आणि मध्येच त्याचा तोल गेला, त्याला कमी गुण. ज्याने उचललेच नाही, त्याला पूर्ण. मराठीत हाच विद्यार्थी दीड पानाचे वाक्य लीलया तोलून दाखवतो, हे त्याच्या मराठीच्या वहीत पाहता येईल. ती वही मात्र शेजारच्या विभागात असते आणि ते दार आपण सहसा ओलांडत नाही.

आमची व्यावहारिक सूचना अशी. ‘शी गो’ प्रकारच्या चुकांवर शेरा लिहू नये. विद्यार्थ्याला नियम ठाऊक असतो. लिहिताना लक्ष विचाराकडे असते म्हणून ‘एस’ गळतो. निबंध पुरा झाल्यावर फक्त क्रियापदे पाहण्यासाठी एकदा शेवटून मागे वाचून काढण्याची शिस्त लावली की त्यातले पुष्कळसे त्याचे तोच भरून काढतो. ‘प्राइस ऑफ व्हेजिटेबल्स’ प्रकारात क्रियापद न खोडता मुख्य नामाखाली रेघ मारावी आणि दुरुस्ती त्याच्यावर सोडावी. ‘नन’ आणि ‘कमिटी’ यांच्यावर शाई वाया घालवू नये. आणि ‘दॅट’नंतरच्या क्रियापदापाशी थांबून अर्थ विचारावा.

शेवटची सूचना आता अधिक निकडीची झाली आहे, कारण पहिल्या तीन यंत्रे पार पाडू लागली आहेत. व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअरे बरीच वर्षे होती. २०२२ च्या अखेरीस आलेल्या संवादी यंत्रांनंतर तर घरून लिहून आणलेल्या निबंधांतून ‘शी गो’ जवळजवळ नाहीसे झाले. वर्तुळ काढायला जागाच नाही म्हणून काही तपासनीस अस्वस्थ आहेत आणि निर्दोष इंग्रजी हाच चोरीचा पुरावा मानू लागले आहेत. मराठी माध्यमातल्या मुलावर काल चुकांमुळे संशय होता, आज चुका नाहीत म्हणून आहे. पण ‘अनसेटल’ की ‘अनसेटल्स’ हे यंत्राला त्या वाक्यावरून ठरवता येत नाही. दोन्ही शुद्ध आहेत. कवितांनी अस्वस्थ केले की वाचनाने, हे ज्याने लिहिले त्यालाच विचारावे लागते. सत्तरांच्या वर्गात सगळ्यांना ते विचारणे शक्य नाही, हे आम्हाला माहीत आहे. दर आठवड्याला पाच निबंध घ्यावेत, लिहिणाऱ्याला समोर बसवावे, असे एकच वाक्य निवडावे आणि त्याला ते आधी मराठीत सांगायला लावावे.